वेड्यांचा पगार

पडेगावहून दौलताबादचा किल्ला बाईकवर जेमतेम वीस मिनिटांवर. आमच्या शाळेची पहिली सहल तिथेच गेली होती. गाईडने सगळ्यात आधी सांगितलेला इतिहास होता वेड्या महंमदाचा. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी उचलून इथे आणली, काही वर्षांनी पुन्हा दिल्लीला नेली, म्हणून तो वेडा. पुढे वाचलं तेव्हा कळलं की दक्षिणेवर ताबा ठेवायला मधलं ठिकाण हवं, हा हिशेब काही अगदीच बिनडोक नव्हता. पण शब्द चिकटला तो चिकटलाच. मला मात्र त्या गोष्टीतली दुसरीच बाब गमतीची वाटते. या वेड्याची नोकरी गेली नाही. १३५१ मध्ये मरेपर्यंत तो सुलतानच होता.

ज्यांच्याकडे तख्त नव्हतं त्यांचं काय झालं, हे शोधायला मी गेली दोन वर्षं जमेल तसं वाचतोय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इतिहासकार नाही. निमित्त साधं होतं. दरवर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ऑफिसचा एक वेबिनार असतो. दीर्घ श्वास घ्या, स्क्रीनपासून ब्रेक घ्या, मन मोकळं करा. सल्ला वाईट नाही. पण स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेला माणूस आपल्या टीममध्ये असू शकतो, त्याला महिन्याचा पगार लागतो, पीएफ लागतो, हा विषय तिथे निघत नाही. मानसिक आरोग्य हा नोकरी असलेल्यांचा विषय, आणि मानसिक आजार हा नोकरी नसलेल्यांचा, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. ही वाटणी कधी झाली?

(जुन्या कागदपत्रांबद्दल लिहिताना ‘वेडा’, ‘वेड्यांचं इस्पितळ’ हे शब्द मी तसेच ठेवलेत. तेव्हा तेच वापरात होते. आज कुणाला उद्देशून ते वापरू नयेत, हे वेगळं सांगायला नको.)

मराठवाड्यात लहान मुलांना धमकी द्यायची तर ‘येरवड्याला नेऊन टाकीन’ म्हणतात. येरवड्यात तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही. धमकी नक्की कशाची, हे कुणी स्पष्ट करत नाही. महाराष्ट्रातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं म्हणजे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. चारही ब्रिटिश अमलातली. मराठवाड्यात एकही नाही, कारण आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. पण गंमत अशी की त्या संस्थानाचं मनोरुग्णालय आपल्या अगदी शेजारी होतं. हैदराबादेत तुरुंगाच्या आवारात सुरू झालेली ही व्यवस्था पुढे जालन्याला हलवली गेली. आपल्यापासून साठेक किलोमीटर. १९५० च्या दशकात ते इस्पितळ परत हैदराबादला, एर्रागड्डा भागात गेलं आणि आजही तिथे आहे. त्यानंतर राज्यांची फेररचना झाली, मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. इस्पितळ तिकडे, माणसं इकडे. मग इथल्या घरच्यांना सव्वादोनशे किलोमीटरवरचं पुणं गाठावं लागलं. ज्यांना तेही जमलं नाही त्यांनी बुलढाण्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्याची किंवा भोकरदनजवळच्या जाळीच्या देवाची वाट धरली. या वाटांना अंधश्रद्धा म्हणून हसणं सोपं आहे. पण एसटीने सकाळी जाऊन रात्री परत येता येईल असं सरकारने इथे दुसरं काय ठेवलं होतं?

तुरुंगाशी असलेलं नातं केवळ आवारापुरतं नव्हतं. १८५८ मध्ये इंग्रजांनी वेड्यांबाबतचे कायदे केले, १९१२ मध्ये इंडियन ल्युनसी ॲक्ट आला. भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या माणसाला पोलिसांनी पकडायचं, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं आणि मॅजिस्ट्रेटने आत ठेवण्याचा हुकूम काढायचा, ही रीत. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. त्याची जागा घेणारा कायदा १९८७ मध्ये संमत झाला आणि प्रत्यक्ष अमलात यायला १९९३ साल उजाडलं. म्हणजे माझ्या आईवडिलांच्या लग्नाच्या सुमारापर्यंत या देशात मनोरुग्णाला लागू असलेला मुख्य कायदा १९१२ चा होता.

आता कामाकडे येऊ. माझी समजूत अशी होती की जुन्या वेड्यांच्या इस्पितळात माणसं नुसती बसून असत. तसं नव्हतं. मुंबई इलाख्यातल्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल निघत, आणि रुग्णांना कामाला लावणं हा त्यांतला नेहमीचा विषय. बागकाम, भाजीपाला, विणकाम, दळण, स्वयंपाक, झाडलोट. कामाची कल्पना युरोपातून आली होती. इंग्लंडमध्ये यॉर्क इथे विल्यम ट्यूक यांनी १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ नावाचं घर उघडलं. साखळ्यांऐवजी माणुसकीची वागणूक, शिस्त आणि हाताला काम, असं त्याचं सूत्र होतं. त्या काळी ही क्रांतीच होती. पण ती कल्पना बोटीत बसून हिंदुस्थानात आली तेव्हा तिच्यात हिशेबाची वही शिरली. देशी रुग्णाने काम केलं की इस्पितळाचा खर्च वाचतो. गोरे रुग्ण सहसा या कामातून सुटत. औषध एकच, पण ते कातडीच्या रंगानुसार दिलं जाई. सारा ॲन पिंटो यांचं मुंबई इलाख्यातल्या या इस्पितळांवरचं पुस्तक २०१८ मध्ये आलं. ज्यांना या काळात रस आहे त्यांनी ते जरूर मिळवा.

इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: जो माणूस आत विणतो, रांधतो, शेत खुरपतो, तो कागदावर ‘कामाला असमर्थ’ असतो. काम आहे, उत्पादन आहे, पगार नाही. कारण ते काम नसून उपचार आहे.

हा पेच फक्त आपल्याकडचा नव्हता. अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत हजारो रुग्ण लाँड्रीत, स्वयंपाकघरात राबत. १९७३ मध्ये तिथल्या एका न्यायालयाने सांगितलं की या रुग्ण-कामगारांनाही किमान वेतनाचा कायदा लागू आहे. आता पगार सुरू झाले असतील असं वाटतं ना? बऱ्याच इस्पितळांनी पगार देण्याऐवजी काम देणंच बंद केलं. माणसं दिवसभर टीव्हीपुढे बसू लागली. हक्क मिळाला आणि ज्याच्यावर तो हक्क होता ती गोष्टच नाहीशी झाली. आपल्याकडे हे कलम यायला २०१७ उजाडलं. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २० नुसार रुग्णावर इस्पितळात कामाची सक्ती करता येत नाही, आणि त्याने काम केलं तर योग्य मोबदला द्यावा लागतो. कायदा मे २०१८ पासून अमलात आहे. दीडशे वर्षांच्या फुकट विणकामानंतर एक ओळ.

इस्पितळाच्या भिंतीबाहेरची गोष्ट वेगळी आहे, आणि आपल्या गावांच्या दृष्टीने तीच मोठी आहे. बहुतेक आजारी माणसं कधीच आत गेली नाहीत. ती घरी होती. ती काय करत होती?

१९६० च्या दशकाच्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने स्किझोफ्रेनियाचा एक मोठा अभ्यास सुरू केला. नऊ देश, त्यात भारतातलं आग्रा. काही वर्षांनी त्याच रुग्णांना पुन्हा भेटल्यावर असं दिसलं की आग्रा आणि नायजेरियातलं इबादान इथले रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरे होते. औषधं आणि डॉक्टर तिकडे जास्त, बरं होण्याचं प्रमाण इकडे जास्त. यावर पुढे पुष्कळ वाद झाले. गरीब देशांत जे मेले किंवा हरवले ते मोजले का, ‘बरं’ म्हणजे काय, कुटुंबाने काय सोसलं. आक्षेप रास्त आहेत आणि मीही हे निष्कर्ष जपूनच वाचतो. पण त्यासाठी दिलं गेलेलं एक स्पष्टीकरण मराठवाड्यातल्या कुणालाही पटेल: शेती. शेतात माणसाला त्याच्या वेगाने काम करता येतं. आज डोकं ठीक नाही, तर बांधावर बस. उद्या बैलं घेऊन जा. कापूस वेचताना शेजारची बाई दोन ओळी पुढे गेली म्हणून कुणी मेमो देत नाही. मालक म्हणजे थोरला भाऊ, तो ओरडतो, पण काढून टाकत नाही.

बायकांसाठी हे चित्र इतकं गोड नव्हतं. चूल-भांडी निभावली तोवर तिचा आजार आजार नव्हताच. ते निभावेनासं झालं की तिला माहेरी पोचवलं जाई, आणि माहेर उरलं नसेल तर येरवडा किंवा ठाणं. घरातल्या कामाचाही पगार नव्हताच. तिथेही काम थांबल्यावरच ते दिसलं.

मग आली एमआयडीसी. १९६२ मध्ये महामंडळ स्थापन झालं, चिकलठाण्यात कारखाने उभे राहिले, पुढे वाळूज. १९८५ मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी युनिट्स आली. शहर झपाट्याने वाढलं. आमच्या पडेगावात कॉलन्या उगवल्या, त्यातली कितीतरी घरं वाळूजच्या पगारावर बांधलेली आहेत. या कारखान्यांनी दिलं ते मी कमी लेखत नाही, माझी फीसुद्धा त्यातूनच भरली गेली. पण कामाचं एक नवं माप त्यांनी आणलं: सायकल टाईम. एका जॉबला इतके सेकंद. सकाळची शिफ्ट, दुसरी, रात्रीची, आठवड्याला बदलणारी.

आमच्या गल्लीत एक दादा आहे. आयटीआय केलेला, वाळूजच्या एका छोट्या युनिटमध्ये सीएनसी मशीनवर होता, ठेकेदारामार्फत. चोविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. घरच्यांनी दर्गा, मांत्रिक, मग घाटी, या क्रमाने सगळं केलं. घाटीतल्या मानसोपचार विभागातल्या औषधांनी आवाज हळूहळू मागे सरकले. रात्रीच्या गोळीने सकाळी दहापर्यंत डोळे जड राहायचे, एवढंच. त्याने सुपरवायझरला विचारलं, मला कायम दुसरी शिफ्ट देता का? कारण विचारल्यावर त्याने खरं कारण सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याचा गेटपास बंद झाला. ठेकेदाराने कागदावर काहीच लिहिलं नाही, फोन उचलणं सोडलं, बस्स. चार वर्षं तो घरी होता. घरात त्याच्याशी बोलणं म्हणजे ‘गोळी घेतली का?’ एवढंच उरलं होतं. आता तो चुलत्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर आहे, दुपारी बारा ते रात्री आठ. काम चोख. पण त्याला पगार म्हणून काही ठरलेलं नाही. चुलता ‘लागेल तसे’ देतो. वहीतलं नाव बदललं, हिशेब तोच.

त्या दादाने मागितलं होतं ते काय होतं? फक्त शिफ्ट. रॅम्प नको, लिफ्ट नको, खर्च शून्य.

या जागी महाराष्ट्रातल्या काही माणसांनी जे केलं ते सांगायलाच हवं. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट, अनिल अवचट आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या प्रयत्नातून मुक्तांगण सुरू झालं, तेही येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात. आपण मुक्तांगणला व्यसनमुक्तीसाठी ओळखतो. माझ्या दृष्टीने त्यांची दुसरी कामगिरी तितकीच मोठी आहे: तिथे बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक, कर्मचारी झाले. ज्या भूतकाळामुळे बाहेर नोकरी नाकारली जाते, तोच भूतकाळ तिथे पात्रता ठरला. आणि ते बिनपगारी सेवेचं काम नव्हे, नोकरीच. नाडकर्णींनी १९९० मध्ये ठाण्यात आयपीएच ही संस्था काढली आणि तिथे स्किझोफ्रेनिया असलेल्यांसाठी ‘त्रिदल’ हे पुनर्वसनाचं केंद्र उभं राहिलं.

डॉ. जगन्नाथ वाणी धुळे जिल्ह्यातले. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. १९९७ मध्ये त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली, ‘सा’ या नावाने ती ओळखली जाते. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) या सिनेमामागेही वाणी होते. अतुल कुलकर्णींचा शेष ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. परदेशी मराठी माणसाने गावाकडे मंदिर किंवा शाळा बांधल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. घरातल्या ज्या गोष्टीवर पांघरूण घालतात तीच घेऊन परत आलेला माणूस विरळा.

आणि बायकांसाठी ‘तराशा’. टाटा समाजविज्ञान संस्थेचा हा प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला. मनोरुग्णालयात बऱ्या झालेल्या, पण घरचे न्यायला न आलेल्या स्त्रियांना बाहेर काढायचं, नोकरदार महिलांच्या वसतिगृहात राहायची सोय करायची, प्रशिक्षण द्यायचं, नोकरी मिळवून द्यायची आणि पुढेही सोबत राहायचं. यातलं वसतिगृह मला फार हुशारीचं वाटतं. ‘मनोरुग्ण महिला निवास’ अशी पाटी नाही. सकाळी डबा घेऊन निघणाऱ्या इतर बायकांमध्ये ही एक.

जगभरातला अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. न्यूयॉर्कचं ‘फाउंटन हाउस’ १९४८ चं. मनोरुग्णालयातून सुटलेल्यांनीच जमवलेल्या गटातून ते उभं राहिलं. तिथे रुग्ण नाहीत, सदस्य आहेत, आणि घर चालवण्याचं काम त्यांचंच. १९९० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी जुनी पद्धत उलटी केली. तोवर रीत होती की आधी प्रशिक्षण, मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या, आणि मग ‘तयार’ झाल्यावर नोकरी. बहुतेकांचा आयुष्यभर पिशव्याच करण्यात वेळ गेला. यांनी म्हटलं, आधी खरी नोकरी शोधा, मग त्या नोकरीत टिकायला मदत करा. अनेक देशांतल्या चाचण्यांमध्ये या पद्धतीने नोकरी मिळण्याचं प्रमाण जुन्या पद्धतीच्या साधारण दुप्पट दिसलं. आपल्याकडच्या दिवाळीतल्या पणत्यांच्या स्टॉलवर मी राग काढत नाहीये, पणत्या मीही घेतो. पण वर्षातून एकदा पणत्या विकत घेणं आणि माणसाला कामावर घेणं यात फरक आहे.

सरकारी नोकरीचा हिशेब तर फारच बोलका आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने मानसिक आजाराला अपंगत्व मानलं. पण त्याच कायद्यातलं तीन टक्के आरक्षण दृष्टी, श्रवण आणि हालचालींशी संबंधित अपंगत्वापुरतं. म्हणजे तुम्ही अपंग आहात, हे मान्य, नोकरी मात्र नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आरक्षण चार टक्के केलं. त्यातल्या शेवटच्या एका टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता एवढे सगळे. दाटीवाटी आहे, पण दार उघडलं.

त्या दारातून आत जायला किमान चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. मानसिक आजारासाठी ते ‘आयडियाज’ नावाच्या भारतीय मोजपट्टीवर ठरतं. ती चार गोष्टी मोजते: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, अडचण जास्त तितके गुण जास्त. प्रोग्रामर म्हणून मला यात सरळ एक बग दिसतो. काम करता येत नाही, हे दाखवल्याने गुण वाढतात, आणि त्या गुणांवर कामाचं आरक्षण मिळतं. औषध घेऊन, झगडून जो माणूस सावरला, तो चाळीसच्या खाली घसरतो. त्याला आरक्षण नाही, आणि रिझ्युमेमधल्या चार वर्षांच्या गॅपचं उत्तरही नाही.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला, केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात. त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू होती, आणि त्याला मानसिक आजार होता. न्या. चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की ज्या वागणुकीमागे आजाराचाही वाटा आहे, तिच्यासाठी कारवाई करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. मालकाने आधी योग्य ती सोय करून द्यायला हवी. निकाल सरकारी नोकरीपुरता. पण दादाची दुसरी शिफ्ट म्हणजे नेमकी हीच ‘सोय’.

खासगी कंपन्यांना आरक्षण लागू नाही. मात्र २०१६ च्याच कायद्याचं कलम २१ प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगतं, आणि वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात सोयीसुविधांचा तपशीलही हवा. हे वाचताय त्या फोनवरच आपल्या कंपनीचं धोरण उघडून बघा. मी काही ओळखीच्यांना बघायला सांगितलं. रॅम्प सापडला, स्क्रीन रीडर सापडला. ‘औषधामुळे सकाळी उशिरा येण्याची मुभा’ असं वाक्य कुणालाच सापडलं नाही.

राज्य सरकारने आता जालन्यात नवं प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर केलं आहे. सत्तरेक वर्षांनी इस्पितळ मराठवाड्यात परत येणार, आणि इथल्या घरच्यांची पुण्याची खेप वाचणार, हे चांगलंच आहे. पण २०१७ चा कायदा खाटांवर थांबत नाही. बरं झालेल्या माणसाला समाजात राहता यावं म्हणून अर्ध्या वाटेवरची घरं, सोबत देणारी निवासस्थानं सरकारने उभी करावीत असं त्यात लिहिलंय. जालना हे सळ्यांच्या कारखान्यांचं आणि बियाणं कंपन्यांचं गाव आहे. भट्टीपुढचं काम प्रत्येकाला झेपणार नाही. पण बियाणं निवडणं, पॅकिंग, लेबलिंग, स्टोअरची नोंदवही, डाटा एंट्री ही कामं तिथे वर्षभर निघतात. इस्पितळाचा आराखडा करणाऱ्यांनी त्या कंपन्यांच्या माणसांना बैठकीला बोलावलं, तर पहिला प्रश्न मी सुचवतो: सकाळी अकराला सुरू होणारी शिफ्ट तुमच्याकडे आहे का?